भट्टीतली नाचरी

रोममध्ये गायरानाच्या कडेला, कमरेपर्यंत मातीत रुतलेल्या जुन्या कमानींच्या मागे, पेर्नाची चुनाभट्टी होती. माहेर चुन्याचं, सासर चुन्याचं. रांगताना तिने पहिला हात टेकला तो चुन्याच्या पोत्यावर, असं तिची आई सांगायची, आणि ते खोटं वाटायचं कारण नव्हतं. डाव्या तळव्यावर बदामाएवढा भाजल्याचा डाग होता.

नवरा गेला तेव्हा ती पस्तिशीत होती. लोकांना वाटलं, आता धाकटा दीर लेल्लो भट्टी सांभाळेल आणि ही घरात बसून सूत कातेल. पण लेल्लोला वेळेवर उठायला जमायचं नाही आणि पेर्नाला बसायला जमायचं नाही. मग भट्टी रचायची तिने, पेटवायची त्याने आणि भांडायचं दोघांनी मिळून, अशी वाटणी झाली. ती पंधरा वर्षं टिकली.

चुन्याला दगड लागतो. डोंगरातून आणायचा तर गाडीला दोन दिवस. इथे पायाखाली हातभर उकरलं की संगमरवर: खांब, फरशा, थडगी, घोड्यांची डोकी, दाढीवाले बाप्ये, बायकांचे हात. पुतळ्याच्या दगडाचा चुना दुधासारखा निघायचा आणि गवंडी तोच मागायचे. जुना संगमरवर भट्टीत घालू नये असं पोपांचं फर्मान होतं. शहरात जिकडेतिकडे नवे महाल उठत होते आणि त्यांना गिलावा लागत होता, हेही तितकंच खरं होतं. "आम्ही तीन पिढ्या देव भाजून पोट भरलंय," पेर्ना सरळ सांगायची. "एकानेही कधी कुरकुर केली नाही."

दगडाची तिची पारख मात्र अशी की गवंडी पैजा लावायचे. हातोडीने एक टक, मग जिभेचं टोक लावायचं, आणि सांगायचं: हा समुद्रापलीकडचा, हा उत्तरेकडचा, हा आतून सडलाय, परत घेऊन जा.

त्या हिवाळ्यात लेल्लोने जुन्या स्नानगृहांमागच्या द्राक्षमळ्यातून गाडीभर दगड आणून अंगणात ओतला. पेर्ना निवडायला बसली होती. तेवढ्यात कोपरांना ठिगळं लावलेल्या काळ्या झग्यातला एक लांबुडका माणूस कुंपणावरून वाकून बघू लागला. बघता बघता आतच आला. ढिगातून त्याने एक पाऊल उचललं. घोट्याशी तुटलेलं, बाईचं, टाच वर उचललेली. ते छातीशी धरून तो जवळच्या ढेपळांवर बसला आणि रडायला लागला.

पेर्ना थांबली. भट्टीवर रडणारी माणसं तिला नवी नव्हती, चुना डोळ्यांत जातो.

"नातलग का?" तिने शेवटी विचारलं.

"बाई, हे दीड हजार वर्षांपूर्वीचं आहे."

"मग रडायला जरा उशीरच झाला. आणि आधी उठा तिथून. तो कळीचा चुना आहे, ओल लागली की तापतो."

सकाळी पाऊस पडून गेला होता आणि त्याचा झगा ओला होता. तो उठेपर्यंत झग्याच्या मागच्या बाजूने वाफ निघायला लागली होती. पेर्नाने त्याला मानगुटीला धरून उभं केलं आणि केरसुणीने मागून झोडपून काढलं. तरी त्याने पाऊल सोडलं नाही.

त्याचं नाव लातान्सिओ. एका नोटरीच्या पोरांना लॅटिन शिकवायचा. उरलेल्या वेळात त्याच्यासारख्याच दहाबारा वेड्यांबरोबर जुनी पुस्तकं उतरवून काढायची, पडक्या भिंती मोजायच्या आणि मेलेल्या माणसांवरून तावातावाने वाद घालायचे, हा उद्योग. शहरात हे वेड तेव्हा साथीसारखं पसरत होतं.

"हे मला द्या," तो म्हणाला.

"बदल्यात?"

त्याने खिसे चाचपले. मान खाली घालून म्हणाला, "माझ्याकडे अक्षरं आहेत. बाकी काही नाही."

पेर्ना इतकी हसली की लेल्लो झोपेतून उठून बाहेर आला. मग तिचं हसू थांबलं. जन्मभर अक्षरांचे दगड तिच्या हातांतून भट्टीत गेले होते. मुंग्यांची रांग बघावी तसं तिने त्यांच्याकडे बघितलं होतं. मुंग्या बोलतात म्हणे.

"बरं," ती म्हणाली. "पावलाला पाच अक्षरं. तुटक्या हाताला तीन. डोकं मिळालं तर मात्र पूर्ण शब्द हवा."

असा सौदा ठरला. पेर्ना त्याला मेस्सेर म्हणू लागली, म्हणजे साहेब. लातान्सिओ एक दिवसाआड यायचा, ढीग उपसायचा आणि कोळशाने भट्टीच्या भिंतीवर अक्षरं काढायचा. पहिला शब्द शिकवला 'विक्सित'. म्हणजे जगला, किंवा जगली. थडग्याथडग्यावर तोच. तो पाठ झाल्यावर पेर्नाला कळलं की ही काही परकी भाषा नाही, आपलीच खापरपणजी आहे. अर्धे शब्द तिच्या तोंडातलेच निघाले, फक्त शेपट्या वेगळ्या. महिन्याभरात तिने बोट फिरवत पहिला अख्खा दगड वाचला.

"ही... मासळीवाली," ती म्हणाली. "जगली बत्तीस वर्षं. नवऱ्याशी... कधी... मेस्सेर, हे काय?"

"कधीही भांडली नाही."

"अख्ख्या संसारात एकदाही?"

"असं लिहिलंय."

"मग मुकी असणार. नाहीतर दगड नवऱ्याने कोरून घेतलाय."

लातान्सिओने आयुष्यात शंभर शिलालेख उतरवून घेतले होते, पण दगड नवऱ्याने कोरून घेतला असेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याने ते वहीत टिपून ठेवलं.

पेर्नाला मग वाचायची तहान लागली. दळण आणायला गेली तरी ती मान वर करून भिंती वाचत जायची, खांबांना आपटायची. जुन्या दगडांनी बांधलेल्या या शहरात देवळाच्या पायरीवर कुणी सोनार होता, खाटकाच्या उंबऱ्यावर कुणी दाई, आणि कुणाच्या तरी डुकरांच्या गोठ्यात उलट्या बसवलेल्या दगडावर एक सेनापती. त्याचं नाव वाचायला ती कोपरावर आडवी झाली. मालकाने विचारलं, काय हरवलंय? ती म्हणाली, "सापडलंय."

एका दिवशी मात्र तिने हातोडी खाली ठेवली. पुढ्यातल्या दगडावर एक मूल होतं, दोन वर्षं चार महिने जगलेलं. "लग्नाच्या वर्षी," ती हळूच म्हणाली, "मी रचलेल्या पहिल्या भट्टीत असंच एक तोंड होतं. पोराचं. गाल असे गुबगुबीत. मी त्याला उगाच सगळ्यात वर ठेवलं होतं."

लातान्सिओने कोळसा खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "तो चुना कुठे गेला?"

"पुलाजवळच्या दुमजली घराला."

दोघं तिथपर्यंत चालत गेले. रस्त्याकडच्या भिंतीचा गिलावा अजून पांढराशुभ्र होता. पेर्नाने त्यावर हात फिरवला, परत आली आणि त्या मुलाचा दगड घरात, चुलीशेजारी उभा करून ठेवला. लेल्लो म्हणाला, "वहिनी, आता ह्यालाही जेवायला वाढायचं का?" ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा कमी खाईल."

एप्रिल आला. एकवीस तारखेला, जुन्या हिशेबाने, रोम शहराचा वाढदिवस. लातान्सिओची मंडळी तो टेकडीवर आपल्या म्होरक्याच्या घरी साजरा करायची. म्होरक्या सत्तरीचा होता, दात गेलेले, पण लॅटिनशिवाय बोलायचा नाही. सगळे पांढऱ्या चादरी अंगावर पिळे मारून गुंडाळायचे, डोक्यावर लॉरेलची पानं खोवायची, कविता म्हणायच्या आणि दुपारभर खायचं. यंदा लातान्सिओ त्या पावलावर भाषण देणार होता. भाषण बारा पानांचं होतं. त्याचा सारांश असा की हे पाऊल शोकदेवीचं आहे, प्रियजनांच्या राखेवर पाणी ओतायला ती टाचा उंचावून उभी आहे.

"तुम्हीही या बाई," तो म्हणाला. "मागच्या दाराने."

"मागच्या दाराने मी चुना घेऊन येते," पेर्ना म्हणाली. "वाढदिवसाला पुढच्या दाराने जातात."

त्यामुळे वाढदिवसाच्या सकाळी ती टेकडीवर नव्हती, धुणं घेऊन पाणवठ्यावर होती. तिथे तुत्सिया परटीण एका कार्डिनलच्या घरच्या चादरी बडवत होती. दोघी बालपणीच्या मैत्रिणी. तुत्सियाचा धुण्याचा दगड पेर्नाच्या सासऱ्यानेच तीस वर्षांपूर्वी दिला होता. चांगला लांबरुंद, अंगालाच वळ्या असलेला, कापड घासायला झकास. पेर्ना त्यावर हजारदा धुणं धुवून गेली होती. पण आता तिला अक्षरं शोधायची सवय लागली होती. तिने साबणाचा फेस हाताने सारला आणि दगड निरखला.

"तुत्सिया," ती म्हणाली, "तुझ्या दगडाला ढुंगण आहे."

"सगळ्यांनाच असतं. माझ्या दगडाचं निदान स्वच्छ आहे."

"अगं, सरक जरा. ह्या वळ्या नाहीत. वस्त्र आहे. बाई आहे ही, कंबरेखालची." तिने आणखी पाणी ओतलं. एका बाजूला पाय घोट्याशी तुटला होता, आणि तुटल्या जागी एक निळसर शीर होती, विजेसारखी वाकडी. अशीच शीर लातान्सिओच्या पावलावर होती. तो ते बरोबर घेऊनच यायचा, हिवाळाभर तिने ते हाताळलं होतं. हा दगड सासऱ्याने कुठून आणला होता? स्नानगृहांमागच्या द्राक्षमळ्यातून.

आणि मग तिला आठवलं. गेल्या आठवड्यात त्याच मळ्यातून आलेल्या नव्या गाडीत एक धड होतं. डोकं नाही, हात नाहीत, एक खांदा वर गेलेला, काखेपासून कंबरेपर्यंत तीच निळी शीर. त्याच्यावर अक्षर नव्हतं, भाषणात गुंतलेला लातान्सिओ तेव्हापासून फिरकला नव्हता, आणि मंगळवारी तिने स्वतःच्या हातांनी ते भट्टीत रचलं होतं. आज लेल्लो भट्टी लावणार होता.

"लेल्लो झोपला असेल," ती म्हणाली आणि पळत सुटली.

तुत्सियाला वाटलं कुणीतरी गेलं. तिने ओल्या चादरींची टोपली डोक्यावर घेतली, कार्डिनलचा माल सोडून कशी जाणार, आणि मागे धावली. गायरानातल्या गायी बाजूला झाल्या. कमानीखाली पोचताच पेर्नाला धूर दिसला. पंधरा वर्षांत लेल्लो पहिल्यांदा वेळेवर उठला होता.

भट्टीच्या तोंडाशी तो झिलप्यांना वारा घालत होता. "वहिनी, बघा," तो अभिमानाने म्हणाला, "आज मी..."

पेर्नाने तुत्सियाच्या डोक्यावरची टोपली उचलली आणि सगळ्या ओल्या चादरी भट्टीच्या तोंडात कोंबल्या. फुस्स असा आवाज झाला. धुराचा लोट बाहेर आला आणि तिघांची तोंडं काळी करून गेला.

"कार्डिनलच्या चादरी," तुत्सिया म्हणाली.

"पाप धुवून निघेल त्यांचं," पेर्ना म्हणाली. झग्याचा घोळ कमरेला खोचून ती शिडीवर चढली आणि वरून भट्टीत उतरली. आतून एकेक दगड बाहेर येऊ लागला. लेल्लो खाली उड्या मारत चुकवत होता.

"वहिनी, आत काय पडलंय?"

"बाई."

"कोण बाई?"

"तुत्सियाच्या दगडाची वरची. दोर टाका."

लेल्लोला काही कळलं नाही, पण पंधरा वर्षांच्या सवयीने त्याने दोर टाकला. तिसऱ्या थरात धड होतं, जेमतेम कोमट झालेलं. ते वर आलं. उतरवून घेताना त्याला कंबरेला हात घालावा लागला. खाली ठेवल्यावर त्याने एकदा त्या दगडी बाईकडे पाहिलं, लाजला, आणि टोपी काढली. सहा दिवस त्यानेच ते धड अंगणात लोळताना बघितलं होतं.

"आता कुठे?" त्याने विचारलं.

"टेकडीवर. पुढच्या दाराने."

बैलगाडीत पेंढा घातला, धड घातलं, पाणवठ्यावरून धुण्याचा दगड घेतला. दगड चालला म्हटल्यावर बाकीच्या परटिणी धुणी टाकून मागे निघाल्या, आमचा दगड कुठे नेता म्हणून. परटिणी निघाल्या म्हणून बकऱ्यांची आतडी विकणारा आतडीवाला निघाला, त्याच्या मागे गायरानातले दोन गुराखी, एक पावा घेऊन, एक डफ घेऊन. कुणीतरी विचारलं, कुठल्या संताची मिरवणूक? तुत्सिया म्हणाली, "माहीत नाही, पण धुण्यात मदत करते." ते ऐकून एका म्हातारीने खिडकीतून गुलाब टाकले. मग सगळ्याच खिडक्यांतून फुलं यायला लागली. नाव ठाऊक नसलेल्या संताला वेलीची पानं, कोवळ्या शेंगा, एकाने तर मेंढीच्या चीजची चकती वाहिली. ती लेल्लोने ठेवून घेतली. चढावर बैल थांबले की माणसं खांदा द्यायची. पेर्ना पुढे चालत होती, काजळलेल्या तोंडाने. तिला वाटत होतं आपण पायांनी चालतच नाही आहोत.

टेकडीवर चादरीवाले विद्वान कवितेच्या मध्यावर होते. गलका ऐकून ते फाटकाशी आले आणि समोर बैलगाडी, परटिणी, पावा आणि गुलाब बघून दाटीने उभे राहिले.

"अगं बाई," तुत्सिया पेर्नाच्या कानात म्हणाली, "त्या जाड्याने नेसलीय ती चादर मी शनिवारी धुतलेली."

लातान्सिओ गर्दीतून पुढे आला. पेर्ना त्याला एवढंच म्हणाली, "मेस्सेर, पाऊल आणा."

अंगणात धुण्याचा दगड उभा केला. चार जणांनी धड उचलून त्यावर बसवलं. दगड दगडाला लागला तेव्हा दाराचा अडसर पडावा तसा आवाज आला. लातान्सिओने गुडघे टेकून पाऊल घोट्याला भिडवलं. काखेतून निघालेली निळी शीर कंबरेवरून, वस्त्रातून, मांडीवरून खाली आली आणि टाचेत उतरली. आतडीवाल्याने खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसले.

मग सगळे एकदम बोलायला लागले. शोकदेवी, लातान्सिओ म्हणाला. विजयदेवी, जाडा म्हणाला, खांदा बघा, उडायच्या बेतात आहे. तिसरा म्हणाला, वनदेवी, पळतेय. पुस्तकांची नावं फेकली गेली. म्होरक्या लॅटिनमध्ये काहीतरी म्हणाला ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

पेर्ना पुतळ्याभोवती एक फेरी घालून आली. "नाचतेय," ती म्हणाली.

"कशावरून?" जाड्याने विचारलं.

"रडणारी बाई टाचेवर बसते, मेस्सेर, टाच उचलत नाही. आणि पळणारीचं ढुंगण असं बाजूला जात नाही. हे बघा, एक टाच वर, कंबर इकडे, खांदा तिकडे. उडी अजून मारली नाही, मारायच्या आधीचं आहे हे." ती थांबली. समोरच्यांच्या तोंडांवरून कळत होतं, यांच्यापैकी कुणी बरीच वर्षं नाचलेलं नाही. "लेल्लो, डफ घ्या."

लेल्लोने गुराख्याकडून डफ घेतला आणि साल्तारेल्लोचा ठेका धरला. द्राक्षं खुडून झाली की गावोगाव नाचतात तो उड्यांचा नाच. पन्नाशीची पेर्ना, तोंडाला काजळी, केसांत पेंढा, पुतळ्याशेजारी उभी राहिली. एक टाच उचलली, कंबर बाजूला टाकली, खांदा वर नेला आणि क्षणभर तशीच राहिली. अंगणात दोन बायका होत्या, एक दगडाची, एक चुन्याची, आणि दोघींच्या अंगातून एकच रेघ गेली होती. मग दगडाची तिथेच राहिली आणि पेर्ना उडी मारून पुढे गेली.

वर्षानुवर्षं ती नाचली नव्हती. गोल फिरताना तिला टेकडी फिरताना दिसली, चादरी फिरताना, खाली ते सगळं मोडकं शहर, कमानी, गायी, तिच्या भट्टीचा धूर, सगळं एकाच गिरकीत. तिला हसू फुटलं आणि आवरेना.

ती थांबली तेव्हा म्होरक्या तिच्यासमोर उभा होता. आयुष्यात लोकांदेखत पहिल्यांदाच तो बाजारच्या भाषेत बोलला. "पुन्हा," तो म्हणाला, आणि वाकून आपले जोडे काढायला लागला.

त्यानंतरचं नीट कुणालाच सांगता येत नाही. चादरी सुटल्या. जाडा तुत्सियाबरोबर नाचला आणि ती त्याला सांगत होती, डाग पाडू नका, डाग पाडू नका. लातान्सिओ भाषणाची बारा पानं हातात धरून मध्येच उभा होता. मग त्याने ती लेल्लोला दिली आणि लेल्लोने त्यांत चीज गुंडाळलं.

"एक शब्द तरी बोला, मेस्सेर," पेर्ना धापा टाकत म्हणाली. "एवढे दिवस लिहीत होतात."

तो पुतळ्याकडे वळला. "साल्तात," तो म्हणाला.

हा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. पण 'विक्सित'ची शेपटी तिला माहीत होती, आणि पुढचा भाग तर गुराख्याच्या डफावर अजून वाजत होता. नाचतेय. तिने ते मनातल्या मनात चार वेळा म्हणून बघितलं.

नाचरी त्या घराच्या बागेत राहिली. तुत्सियाला बदल्यात नवा धुण्याचा दगड मिळाला. तो तिला कधीच आवडला नाही. कार्डिनलच्या चादरी तिने दोनदा उकळल्या, तरी एकीवर काजळीचा डाग राहिलाच. तिथे तिने चंद्रकोर भरतकामाने काढून दिली, आणि पुढच्या आठवड्यात कार्डिनलच्या घरून सगळ्याच चादरींवर तशी काढून द्या असा निरोप आला.

पेर्नाने भट्टी बंद केली नाही. पोट होतं. पण ज्याला बोटं आहेत, तोंड आहे किंवा अक्षर आहे ते भट्टीत जायचं नाही, असा तिने नियम केला. गवंडी कुरकुरले, दोन गिऱ्हाइकं तुटली. लेल्लोने डोंगरातून दगड आणायला सुरुवात केली. वाटेत एका खाणावळवालीशी त्याचं जमलं आणि मग तो पहाटेच उठून गाडी जुंपायला लागला. विद्वान मंडळी पेर्नाला हाडवैदीण म्हणायची. कुणाच्या बागेत तुटका हात निघाला की तिला बोलावणं यायचं. ती जायची, जीभ लावून बघायची आणि सांगायची, ह्याचा दंड अमक्याच्या विहिरीच्या काठाला बसवलाय. बहुतेक वेळा तसंच निघायचं. कधी साफ चुकायची, आणि तेही हसतच कबूल करायची.

रविवारी मात्र ती कुणाला भेटायची नाही. ती आणि तुत्सिया फडक्यात शेंगा आणि पाव बांधून दक्षिणेच्या वेशीबाहेर जायच्या, जिथे जुन्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलभर थडगी आहेत. पेर्ना मोठ्याने वाचायची. तुत्सिया शेंगा सोलत ऐकायची आणि प्रत्येकाबद्दल आपलं मत द्यायची: हा कंजूष दिसतो, ही बिचारी, ह्याला मी ओळखते, अगदी असाच आमच्या गल्लीत आहे. एका रविवारी त्यांनी एकवीस माणसं वाचली. त्यांतला एक खेचरवाला होता. त्याने आपल्या तिन्ही खेचरांची नावं दगडावर घातली होती आणि बायकोचं विसरला होता. दोघी वेशीपर्यंत हसत आल्या, आणि पहारेकऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा दोघींनाही सांगता आलं नाही.